जर्मनीत डर्बी असताना बाडेन-बाडेनच्या शर्यतीचं एवढं नाव का?

तुम्ही विचारलंय की जर्मनीची घोड्यांची सगळ्यात मोठी रेस हॅम्बर्गची डर्बी, मग जाणकार सारखे 'ग्रोसर प्राइस फॉन बाडेन'बद्दल, म्हणजे बाडेन-बाडेनच्या मोठ्या रेसबद्दल, का बोलतात? मी महालक्ष्मीच्या रेसा बघत मोठा झालेला माणूस, युरोपातल्या रेसिंगचा नाद नंतर लागला. मला पटलेलं उत्तर असं की डर्बी जर्मनांनी आपल्या घोड्यांसाठी सुरू केली आणि बाडेनची रेस एका फ्रेंच माणसाने परदेशी पाहुण्यांसाठी. हा फरक अजून पुसला गेलेला नाही.

आधी पैशाची गोष्ट. 1837 संपता संपता फ्रान्समधल्या जुगारखान्यांना टाळं लागलं. तिथले शौकीन सीमेपलीकडे बाडेन-बाडेनला येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग जाक बेनाझे आला. त्याने तिथल्या कॅसिनोचा मक्ता घेतला. पुढे त्याच्या मुलाने, एदुआरने, कारभार हाती घेतला. गावात गरम पाण्याचे झरे, राजेरजवाडे, रशियन उमराव, सगळं होतं. पण दिवसभर या मंडळींना गुंतवून ठेवायचं कसं? एदुआरने जवळच्या इफेत्सहाइम गावात रेसकोर्स बांधला आणि 1858 मध्ये तिथे पहिल्या रेसा झाल्या. ही मोठी रेस त्याच वर्षीची. हॅम्बर्गची डर्बी सुरू झाली 1869 मध्ये, म्हणजे बाडेनची रेस तिच्याहून 11 वर्षांनी थोरली. तेव्हा अंतर 3200 मीटर होतं, आता 2400. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी, बाडेनला त्याहून मोठेही धावतात. म्हणून नवा डर्बी-विजेता आणि मुरलेला घोडा यांची गाठ इथे पडते.

पहिली काही वर्षं फ्रेंच घोडे येऊन बक्षिसं घेऊन जायचे. 1870 च्या फ्रान्स-जर्मनी युद्धाने ते थांबलं. 1872 अखेर नव्या जर्मन साम्राज्याने कॅसिनोही बंद पाडले, म्हणजे रेसचा पोशिंदाच गेला. तिथेच सगळं आटोपायचं, पण त्याच वर्षी उमरावांनी 'इंटरनॅशनल क्लब' काढून रेसकोर्स चालवायला घेतला. पुढे शतकाहून जास्त काळ तोच क्लब बघत होता.

आता किन्चेम. हंगेरीची घोडी, 54 रेसा धावली आणि 54 च्या 54 जिंकली. 1877, 78 आणि 79, ओळीने तीन वर्षं तिने बाडेन मारलं. यातलं 1878 मला सगळ्यात आवडतं. त्या उन्हाळ्यात ती रेल्वेने युरोपभर फिरत होती. इंग्लंडमध्ये गुडवुड कप जिंकला, मग फ्रान्समध्ये दोव्हिल, आणि तिथून थेट बाडेन. तिथे 'प्रिन्स जाइल्स द फर्स्ट' नावाच्या घोड्याबरोबर डेड हीट झाली, म्हणजे दोघं एकाच क्षणी पोचले! तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मालकांना बक्षीस वाटून घेता येत होतं, पण किन्चेमच्या मालकाने, एर्न्यो ब्लास्कोविचने, पुन्हा पळवायचं ठरवलं. त्याच दिवशी पुन्हा धावून ती पाच लेंग्थने (म्हणजे घोड्याच्या पाच लांब्यांनी) जिंकली. जॉकी मायकेल मॅडन पहिल्या वेळी प्यायलेला होता, दुसऱ्या वेळी वाटेत एक कुत्रा तिच्या पायात आला, असंही सांगतात. रेसवाल्यांच्या गप्पा आहेत, मीठ लावूनच घ्यायच्या.

पुन्हा तीन वेळा बाडेन जिंकायला ओलेआंडर यावा लागला, 1927 ते 1929. दोन वर्षांचा असताना त्याच्या कमरेचं हाड मोडलं होतं. असा घोडा सहसा ठेवत नाहीत. ट्रेनर जॉर्ज आर्नलने त्याला वाचवला, आणि 1929 मध्ये हाच घोडा पॅरिसच्या 'आर्क'मध्ये, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या रेसमध्ये, तिसरा आला.

आर्कचं नाव निघालंच आहे तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बाडेनची रेस सप्टेंबरच्या सुरुवातीला, आर्क ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, अंतर दोन्हीकडे 2400. आर्कला जायच्या आधी यापेक्षा चांगली परीक्षा मिळणार नाही. डेनड्रीम ही घोडी बाडेन-बाडेनच्याच लिलावात 9,000 युरोत विकली गेली होती. रेसच्या घोड्यांत ही किंमत म्हणजे फुकटच! 2011 मध्ये तिने बाडेन एकतर्फी मारलं आणि महिन्याभरात आर्क पाच लेंग्थने, 2 मिनिटं 24.49 सेकंदांच्या विक्रमी वेळेत. 2012 मध्ये बाडेन पुन्हा तिचंच. पण कोलोनच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या एका घोड्यात संसर्गजन्य अॅनिमिया सापडला, सगळे तबेले क्वारंटाइन झाले आणि तिचं पॅरिस हुकलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

2021 मध्ये टॉर्क्वाटर टासोने हीच वाट धरली. बाडेन जिंकून आर्कला गेला, तर बुकींनी त्याला मोडीत काढलेलं; ओल्या ट्रॅकवर शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्याने बड्या फेव्हरिटना मागे टाकलं. पुढच्या सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर मात्र मेंडोसिनोने त्याला हरवलं. आर्कवर पैसे लावायचा विचार असेल तर आधी बाडेनचा निकाल बघा, आणि पहिल्यासोबत दुसरा कोण आला तेही.