शनिवारची गृहभेट

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

मूल घरी ठेवायचं की बालगृहात, हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीसाठी तू लिहिलेला मानखुर्दच्या पारधी कुटुंबाचा सामाजिक तपास अहवाल वाचला. अक्षर सुरेख आहे. तीन ठिकाणी पेन्सिलीने गोल केलेत, तेवढे बघ: 'आई बेफिकीर', 'वडील सहकार्य करत नाहीत', 'वातावरण गुन्हेगारी वळणाचे'.

आई घरी नव्हती, म्हणून बेफिकीर. अरे, तू शनिवारी गेलास! सिग्नलवर लिंबू-मिरची विकणाऱ्या बाईचा तो कमाईचा दिवस. दादरच्या एखाद्या घरी बाई ऑफिसला गेलेली असती, तर 'आई नोकरी करते' असं लिहून मोकळा झाला असतास.

वडिलांनी आधार कार्ड दाखवलं नाही. गळ्यात आयकार्ड, हातात फाइल अशा अवतारात त्या वस्तीत आजवर कोण आलं? झोपड्या पाडणारे, नाहीतर पोलीस. तू त्यांच्यातला नाहीस हे त्यांनी कशावरून ओळखायचं?

तिसरा शब्द मात्र मला लागला. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये आणला, पुढे पारधीही त्यात ओढले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. तुझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरी शब्द तुझ्या पेनात आला. कुठून आला ते शोध. माझ्याकडे आजीकडून आला होता. गावाबाहेर पालं पडली की ती म्हणायची, "पारधी आलेत, दार लावा."

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चेंबूरला पुलाखाली अशाच एका कुटुंबाकडे बसले होते. खांद्यावरची पर्स मांडीवर कधी घेतली, मला कळलंही नाही. म्हातारीला कळलं. "ताई, पर्स धरून लिवायचं कसं?" म्हणाली आणि हसली. मला राग आला आणि अहवालात मी 'आजी उद्धट' लिहिलं. तिचा नातू तीन महिने बालगृहात राहिला. एवढ्या एका शब्दामुळे राहिला असं नाही, पण त्या फायलीत तो शब्द होता.

बालन्याय कायदा, २०१५ चं तिसरं कलम पुन्हा काढून वाच. मुलाच्या कामकाजात दोषारोपाचे शब्द नकोत आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, दोन्ही तिथंच आहे. बालकल्याण समितीपुढे ते घर जात नाही, तुझा कागद जातो. तेव्हा दिसलं ते लिही: पाण्याचा एक कॅन, दोरीवर वाळणारा गणवेश, दुपारी अडीचला थंड चूल. दारू किंवा मारहाण दिसली तर तीही लिही. आपण कणव म्हणून झाकलेला मार पोराच्याच पाठीवर पडतो.

आणि हो, चहा नको म्हणालास आणि बाटलीतलं पाणी प्यायलास, असं बरोबरची सांगत होती. पोटाची भीती असेल, मान्य. पण कुणाच्या हातचं पाणी नाकारलं की समोरच्याला काय ऐकू येतं, हे महाडचं चवदार तळं शाळेत शिकलेल्याला मी काय सांगू?

अहवाल अजून पुढे पाठवलेला नाही. मंगळवारी दुपारी परत जा, आयकार्ड खिशात ठेव. चहा फार गोड करतात तिथे, अर्धाच कप माग.

तुझी,
ताई