अमेरिकेच्या दक्षिणेत राहायला जाताय? आधी एवढं बघा
टेक्सस की नॉर्थ कॅरोलिना? दोन्हीकडे आपली माणसं भरपूर, घाबरू नका. माझं मन मात्र नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉली-केरी या जोडशहरांकडे. गर्द झाडी, आणि समुद्र, डोंगर दोन्ही दोन ते चार तासांवर. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे पराग गाडीवर हळदीसारखे बसतात. ॲलर्जी असेल तर जपा.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती इथे:
- टेक्सस, फ्लोरिडा, टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, एवढंच बघून ठरवतात. टेक्ससची घरपट्टी जबर असते, ती धरून हिशोब मांडा.
- पूररेषा न बघता घर घेतात. साध्या घरविम्यात पुराचं नुकसान मिळत नाही.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. आणि घर बघायला ऑगस्टमध्ये जा, भर दुपारी, म्हणजे तिथला उकाडा कळेल.