तळाच्या माशांना ताटात वाढा

प्रश्न : दोन फुटी टाकीत गप्पी, टेट्रा आणि सहा ब्राँझ कोरी (तळाशी राहणारे मिशावाले छोटे मासे) आहेत. दोन वेळा खाणं घालूनही कोरींची पोटं खपाटीला गेलीत, मिशाही झिजल्यात. दुकानदार म्हणाला होता, "खाली उरलंसुरलं खातात ते." (पुणे)

उत्तर : दुकानदाराच्या या एका वाक्यापायी कितीतरी कोरी उपाशी मरतात. तुमचे टेट्रा वरच्या वर सगळं फस्त करतात. खाली पोचतो तो भुगा, आणि तो खड्यांच्या फटीत कुजतो. कोरी विष्ठा खात नाहीत, शेवाळाला तर जवळपास तोंडच लावत नाहीत. त्यांचं खरं अन्न म्हणजे किडे, अळ्या, जंत.

संध्याकाळी आधी एका कोपऱ्यात तरंगतं खाणं टाका. वरचे मासे तिकडे जमले की दुसऱ्या कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरच्या बुडणाऱ्या गोळ्या सोडा आणि दिवा बंद करा. कोरी अंधारात मिशांनी चाचपत नीट जेवतात. सहा जणांना बारा-पंधरा गोळ्यांपासून सुरुवात करा. दोन तासांनी टॉर्च मारून बघा. उरल्या असतील तर सायफनने ओढून काढा आणि उद्या तेवढ्या कमी टाका. डब्यावर पहिला घटक मासळी किंवा कोळंबी हवा, गव्हाचं पीठ नको. आठवड्यातून दोनदा फ्रोजन ब्लडवर्मची (गोठवलेल्या लाल अळ्यांची) अर्धी वडी वितळवून नळीने थेट तळाशी सोडा. गटारातून गोळा केलेले जिवंत ट्यूबिफेक्स (बारीक लाल जंत) मात्र कृपा करून घालू नका, त्यासोबत रोग येतात. तुमच्या कोरी खंगल्या आहेत, म्हणून पहिले पंधरा दिवस हेच खाणं थोडं थोडं करून दोनदा द्या.

मिशांचं कारण बहुधा तळातच आहे. कोरी चरताना बघा : डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसते, वाळू तोंडात घेते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते. धारदार रंगीत खड्यांत तिला हे जमत नाही. मिशा खरचटतात, आणि कुजक्या गाळातले जिवाणू त्या जखमा खातात. एक मिलिमीटरहून बारीक, गोलसर दाण्यांची नदीची वाळू चाळून घ्या, निवळ पाणी येईपर्यंत धुवा आणि तीन सेंटीमीटर थर द्या. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती पाणी जड करेल. खडे एकदम उपसू नका, पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यांच्यावरही राहतात. आज अर्धे काढा, उरलेले दोन आठवड्यांनी. दर आठवड्याला पाव टाकी पाणी क्लोरीन काढून बदला. मिशीचं मूळ शाबूत असेल तर ती पुन्हा वाढते.

प्रश्न : कोरी सारख्या वर झेपावून हवा घेतात. आजारी आहेत का? (नागपूर)

उत्तर : अधूनमधून घेत असतील तर नाही. त्या हवा गिळतात आणि आतड्यातून प्राणवायू शोषतात. पण मिनिटामिनिटाला वर येत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे. अमोनिया लगेच तपासा. ब्राँझ कोरीला २२ ते २६ अंश मानवतं. मे महिन्यात तुमच्याकडे टाकी ३० च्या वर सहज जाते. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा, झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात.

प्रश्न : काच साफ करायला आणलेला सकर आता आठ इंच झालाय. रात्री गोल्डफिशला चिकटतो. (कोल्हापूर)

उत्तर : तो भुकेला आहे, गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खातो. आज रात्रीच त्याला वेगळं करा. दुधी किंवा काकडीची सेंटीमीटरभर जाड चकती दोन मिनिटं उकळा, गार झाल्यावर स्टीलच्या चमच्यात खोचून बुडवा आणि सकाळी उरलेली काढा. जोडीला बुडणाऱ्या गोळ्या द्या. पण हा मासा चाळीस सेंटीमीटरपुढे जातो, सहा फुटी टाकी नसेल तर सांभाळू नका. दुकानात परत द्या. तळ्यात, नदीत कधीही सोडू नका. मूळ दक्षिण अमेरिकेतले हे सकर कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात असेच पसरलेत आणि मच्छीमारांची जाळी फाडतात. शेवाळासाठी हवाच असेल तर बारा-तेरा सेंटीमीटरवर थांबणारा ब्रिसलनोज हा छोटा सकर घ्या आणि टाकीत खरवडायला ड्रिफ्टवूड (टाकीसाठीचं लाकूड) ठेवा.

प्रश्न : कोरी जाळीत अडकली तर? (ठाणे)

उत्तर : ओढू नका. परांचे काटे तिने ताठ केलेले असतात. जाळी पाण्यातच धरा, शांत झाल्यावर बहुतेकदा ती स्वतः सुटते. नाहीतर काट्याभोवतीची जाळी कात्रीने कापा. पुढच्या वेळी प्लास्टिकच्या बरणीने पकडा. काटा बोटात गेला तर बोट सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, ठणका कमी होतो.