आवडलं खरं, पण नेमकं काय आवडलं?

मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं की तुम्हाला काही करावंसं कशामुळे वाटतं, चित्र, पुस्तक, गाणं, काहीही. उत्तरं येतील असं वाटलं होतं, आले प्रश्नच जास्त. त्यातले काही इथे घेतेय, नावं कुणाचीच छापत नाहीये.

ताई, मला चित्रं, हस्तकला, सगळंच बघायला आवडतं. फोनमध्ये सेव्ह केलेल्या चित्रांचे फोल्डर इतके झालेत की काही शोधायला गेलं तर सापडत नाही. बघताना भारी वाटतं, आता आपणही बसूया असं वाटतं, आणि कागद समोर घेतला की डोकं एकदम कोरं. उलट हे सगळं लोकांनी आधीच किती छान करून ठेवलंय, आपण कशाला कागद खराब करायचा असं होतं. असं का होतं?

कारण तुम्ही बघताय खूप आणि थांबताय कुठेच नाही. छान वाटलं, सेव्ह केलं, पुढे. सेव्ह केलं की मनाला उगाच वाटतं काहीतरी काम झालं, आणि तिथेच घोडं अडतं.

फोल्डर उडवू नका, राहू दे. त्यातलं एकच चित्र काढा आणि स्वतःलाच विचारा, यातलं नेमकं काय आवडलं? ‘सगळंच छान आहे’ हे उत्तर चालणार नाही. रंग आवडला तर कुठला, आणि तो कुठल्या रंगाच्या शेजारी बसलाय म्हणून उठून दिसतोय? की रिकामी सोडलेली जागा आवडली? की त्या बाईची मान जरा वाकडी आहे ते? एका वाक्यात लिहून काढा. लिहिता येत नसेल तर अजून नीट बघितलेलं नाही असं समजा आणि परत बघा. आता हे करायला चित्र मोठं दिसायला हवं, आणि त्याची सोय हल्ली फुकट आहे, आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट म्युझियम या दोघांच्याही वेबसाइटवर हजारो चित्रं मोठ्या आकारात डाउनलोड करता येतात. व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र राइक्सम्युझियममध्येच आहे, ते झूम करून बाईच्या मागची भिंत बघा. भिंत पांढरी, रिकामी वाटते ना? तिच्यात वरच्या बाजूला एक खिळा ठोकलेला आहे, त्या खिळ्याची बारीकशी सावली आहे, शिवाय पूर्वीचे खिळे निघाल्यावर राहिलेली भोकं आहेत. अंगठ्याएवढ्या चित्रावर लाइक देऊन पुढे गेलं तर खिळा दिसायचा कसा!

आणि मग कॉपी करा, बिनधास्त. याची लोकांना उगाच लाज वाटते. व्हॅन गॉगनं १८८७ साली पॅरिसमध्ये असताना हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे छाप समोर ठेवून तेलरंगात चित्रं केली. त्यातलं एक पावसाचं आहे, मूळ छाप १८५७ चा. अचानक पाऊस आलाय, लाकडी पुलावरून माणसं अंग चोरून पळतायत, कुणी छत्रीत, कुणी डोक्यावर काहीतरी ओढून घेतलेलं, खाली नदीत तराफा हाकणारा एकटाच माणूस, आणि या सगळ्यावरून वरून खाली ओढलेल्या रेघा. छापातल्या त्या रेघा केसासारख्या बारीक, लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलेल्या. ब्रश आणि तेलरंगानं तसं होत नाही, त्यामुळे व्हॅन गॉगचा पाऊस जाडसर झालाय, पाणी जास्त गडद आणि जास्त खळाळतं. भोवती त्यानं एक चौकट रंगवून तिच्यात जपानी अक्षरं भरली, दुसऱ्या छापांवरून उचललेली, नुसती शोभेला, त्याला ती भाषा येत नव्हती. म्हणजे हुबेहूब करायला बसला आणि जिथे जिथे हुबेहूब झालं नाही तिथे तो स्वतः दिसायला लागला. पुढे १८८९-९० मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना त्यानं मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून बरीच चित्रं केली, पण हाताशी होत्या त्या बिनरंगी प्रती, मग रंग सगळे मनाचे. भावाला पत्रात त्यानं याची तुलना दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली होती. वादकाला कुणी चोर म्हणतं का?

(कॉपी केलेलं स्वतःचं म्हणून कुठे टाकू किंवा विकू नका, एवढं सांगायला लागू नये पण सांगून ठेवते.)

तर एक चित्र, एक वाक्य, एक कॉपी. तेवढे दिवस नवीन काही सेव्ह करायचं नाही. चुळबुळ होईल, होऊ दे.

पुस्तकं भरपूर वाचतो, वाचताना अंडरलाइन पण करतो, पण महिन्याभरानं कुणी विचारलं की पुस्तकात काय होतं तर ‘चांगलं होतं’ याच्यापुढे गाडी जात नाही. मग वाचून उपयोग काय?

सगळं लक्षात राहायलाच हवं असं कुणी सांगितलंय? परीक्षा थोडीच आहे. पण चरचरीत चार ओळी तरी हाताला लागाव्यात असं वाटत असेल तर वही करा, फोनमधली नोट नको, वहीच. हा उद्योग जुना आहे, युरोपात लोक शतकानुशतकं अशा उताऱ्यांच्या वह्या ठेवायचे, जॉन लॉकसारख्या तत्त्वज्ञानं तर उतारे पटकन सापडावेत म्हणून वहीची अनुक्रमणिका कशी लावायची याची पद्धतच लिहून ठेवली होती, शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यावरून पान नंबर शोधायचा. तुम्हाला इतकं काही करायची गरज नाही.

फक्त उताऱ्याखाली स्वतःची एक ओळ लिहायचीच, हा नियम ठेवा. ‘अप्रतिम’ लिहू नका. भांडा त्याच्याशी. ‘हे मला पटलं नाही कारण’, ‘असंच आमच्या ऑफिसात झालं होतं पण शेवट उलटा झाला’, असलं काहीतरी. माझ्या जुन्या वह्या चाळताना उतारे मी वाचतच नाही, खालच्या स्वतःच्या ओळी तेवढ्या वाचते, आणि काही इतक्या आगाऊ आहेत की हसू येतं. पण लिहायला विषय सुचतात ते त्यांच्यातूनच.

मी काही कलाकार वगैरे नाही. घर, नोकरी, दोन मुलं. रात्री झोपवताना मुलांना मनानं गोष्टी रचून सांगते, एक उंदीर आहे त्याला लिफ्टची भीती वाटते, त्याच्याच गोष्टी चालू आहेत कधीपासून. नवरा म्हणतो लिहून काढ. पण याला काय क्रिएटिव्हिटी म्हणायचं? टाइमपास आहे हा.

लिफ्टला घाबरणारा उंदीर! पुढे काय झालं ते कळवा आधी.

टाइमपास म्हणून सुरू झालेल्या गोष्टींची यादी काढली तर अंक भरेल. लुईस कॅरोलनं ४ जुलै १८६२ ला नावेत बसल्या बसल्या तीन छोट्या बहिणींना एक गोष्ट रचून सांगितली, त्यातली एक ॲलिस, तिनं हट्ट धरला की हे मला लिहून दे, म्हणून ती लिहिली गेली, तीच पुढे ‘ॲलिस इन वंडरलँड’ झाली. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरनं १८९३ साली एका आजारी मुलाला पत्र लिहिताना काय लिहावं सुचेना म्हणून त्यात सशाची गोष्ट लिहिली, मधेमधे चित्रं काढून, तिचं पुस्तक बाजारात यायला १९०२ उजाडलं. आणि आपल्या बहिणाबाई! लिहिता-वाचता येत नव्हतं, कामं करता करता ओव्या रचायच्या आणि म्हणायच्या, त्यातलं जे कागदावर उतरलं ते मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांमुळे. १९५१ मध्ये बाई गेल्या, त्यानंतर ते कागद अत्र्यांनी बघितले आणि १९५२ मध्ये कविता छापून आल्या. जे कुणी उतरवून घेतलं नाही ते गेलंच की.

तिन्हीकडे कुणीतरी ऐकणारं किंवा वाचणारं होतं आणि ते कागदावर उतरलं, पैकी ऐकणारे तुमच्याकडे दोन आहेतच. लिहायचा कंटाळा असेल तर उशीपाशी फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवा आणि विसरून जा. आणि मुलं मधे तोडून काय विचारतात तेही रेकॉर्ड होऊ द्या, ते फार महत्त्वाचं, कारण उंदीर जिना का चढत नाही असं कुणी विचारलं की गोष्टीला पुढचा भाग मिळतो. नवऱ्याला एवढी हौस असेल तर रविवारी बसून टाइप त्यानं करावं!

लिहायचंय पण मूडच लागत नाही. तुमचा मूड नसेल तर तुम्ही काय करता?

संपादकांचा फोन येतो, मग मूड येतो.

गंमत सोडून देते. चायकोव्स्की या रशियन संगीतकारानं १८७८ मध्ये त्याला पैशांची मदत करणाऱ्या बाईंना पत्रात लिहिलं होतं की प्रेरणा हा पाहुणा आळशांच्या घरी सहसा येत नाही, आणि हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. मला ते अर्धंच पटतं. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की रात्रपाळी करता, म्हणजे तुम्ही आळशी नाही, दमलेल्या आहात, आणि दमलेल्या माणसानं आधी झोपावं. झोप झाल्यावरही मूड नसेल तर मात्र बसा, पण लिहायला नको, आधीचं एक पान घेऊन त्यातली नको ती वाक्यं खोडा. खोडायला मूड लागत नाही, आणि खोडता खोडता हात सुरू होतो.

पुढच्या वर्षी रिटायर होतोय. आयुष्यभर हिशेब केले, आता चित्रं काढावीशी वाटतात. घरचे हसतात. या वयात हात वळेल का?

हसू देत. रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देणारच, तर मीच देते. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द नुसते खोडून ते थांबायचे नाहीत, त्या खाडाखोडीच्या रेघा एकमेकींना जोडत जायचे, मग त्यातून चोची, शेपट्या, कसले कसले विचित्र प्राणी बाहेर यायचे. साठी उलटल्यावर ते खरोखर चित्रांच्या मागे लागले आणि पहिलं प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला झालं, वय एकोणसत्तर. पण यातून ‘बघा, उशिरा सुरू केलं तरी टागोर होता येतं’ असं काढू नका हं, त्यांच्यामागे पन्नासेक वर्षांचं लिहिणं होतं. घेण्यासारखं आहे ते हे की त्यांनी सुरुवात हातात होतं त्याच कागदावर केली.

तुमच्या हातात काय आहे? हिशेबाच्या वह्या. आखलेले रकाने, चौकोन, सरळ ओळीत बसलेले आकडे, तुमचा हात त्याला सरावलेला आहे, मग फुलदाणी आणि सूर्यास्त कशाला, त्या रकान्यांपासूनच सुरू करा ना. जुनी भरलेली वही घ्या, कोरी नको, कोऱ्या पानाची भीती वाटते. क्लास लावायचा असेल तर तीन-चार महिन्यांनी लावा, आणि महागडा रंगपेटीचा सेट आत्ता अजिबात घेऊ नका, तो खराब होईल म्हणून कपाटातच राहतो.