तुमच्या तक्त्यात तुरुंग कुठे आहे?

प्रश्न : मुलाला पहिल्या नीटमध्ये ७२० पैकी ३९६ गुण मिळाले, आता रिपीट करतोय. सोसायटीत १ मेच्या कार्यक्रमात डॉ. जीवराज मेहतांवर भाषण ऐकलं : डॉक्टर, मुख्यमंत्री, मग लंडनला हायकमिशनर! तेव्हाच ठरवलं. आधी एमबीबीएस, मग यूपीएससी, परराष्ट्र सेवा, पस्तिशीत राजदूत. वर्षवार तक्ता करून फ्रिजवर लावलाय. हल्ली तो खोलीतच जेवतो, फारसा बोलत नाही, पण ते वयच तसं. क्लास कोणता लावू?
– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : क्लासचं राहू द्या. ‘ते वयच तसं’ म्हणून तुम्ही पुढे गेलात, मी तिथेच थांबले. या वयाची मुलं चिडतात, भांडतात, उशिरा घरी येतात. ते वय, मान्य. पण ताट घेऊन दार लावून घेणारा मुलगा बहुधा दाराबाहेरचं काहीतरी टाळत असतो. तुमच्या घरात गार पाण्याची बाटली काढायची तर आधी स्वतःचं पस्तिसावं वर्ष वाचावं लागतं. मीसुद्धा खोलीतच जेवले असते.

त्याची झोप कशी आहे? पूर्वी आवडणारं काही करतो का? महिनाभर हे असंच चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलला असेल तर आजच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. ठाण्यात हा विषय निघाला की मेंटल हॉस्पिटलवरचा जुना विनोद कुणीतरी करतंच. करू द्या.

आता जीवराज मेहता. भाषण तुम्ही ऐकलंत, पण त्यातली वयं निसटलेली दिसतात. जन्म १८८७, अमरेलीचा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, लंडनहून एमडी होऊन आले. परळचं केईएम आणि जीएस मेडिकल कॉलेज उभं राहिलं तेव्हाचे ते पहिले डीन, आणि पुढे १९४२ पर्यंत त्याच खुर्चीत. म्हणजे पस्तिशीच्या बऱ्याच पुढेपर्यंत हा माणूस डॉक्टर घडवत होता. गांधीजींचे डॉक्टर, चलेजाव चळवळीत तुरुंगवास, १९४८ मध्ये बडोदा संस्थानाचे दिवाण, मग मुंबई राज्यात मंत्री. १ मे १९६० ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले तेव्हा वय ७२. लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले ते पंचाहत्तरी ओलांडून. तुमच्या तक्त्यात तुरुंग कुठल्या वर्षी आहे?

त्या पदावर त्यांना कुठल्याही परीक्षेने नेलं नाही. ती सरकारने केलेली नेमणूक होती, आयुष्यभराच्या सार्वजनिक कामामुळे आलेली. तुम्ही ती शिडी समजलात आणि एमबीबीएस म्हणजे तिची पहिली पायरी. हा गैरसमज ठाण्यात घरोघरी ऐकते : ‘आधी डॉक्टर होऊ दे, मग काहीही करता येईल.’ अहो, साडेचार वर्षं अभ्यासक्रम, वर्षभर इंटर्नशिप, सरकारी जागा असेल तर बंधपत्रित सेवा, म्हणजे ठरावीक काळ करावी लागणारी सरकारी नोकरी, आणि मग शून्यापासून यूपीएससी. डॉक्टर यूपीएससी काढतात, कारण त्यांना अभ्यासाची बैठक असते; पदवीचे जादा गुण कुणी देत नाही. ज्याला रुग्ण बघायचेच नाहीत त्याने एमबीबीएसची जागा अडवू नये, हे माझं स्पष्ट मत. रांगेत मागे असा एखादा जण उभा असतो ज्याला ते मनापासून हवंय.

परराष्ट्र सेवेसाठी कुठलीही पदवी चालते; वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहा प्रयत्न. त्या वाटेबद्दल आज इतकंच पुरे, कारण त्याला तिकडे जायचंय का, हेच मला माहीत नाही. पत्रात जीवराज मेहतांचं वर्णन आहे, मुलाला काय आवडतं याबद्दल अक्षर नाही.

म्हणून नीट पुन्हा द्यायची की नाही, याचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही. या रविवारी संध्याकाळी त्याला तलावपाळीवर फिरायला न्या. गुण, क्लास, रँक हे शब्द काढायचे नाहीत. गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या आणि ते न वाचता पाठवू द्या. आणि रविवारी बाहेर पडण्याआधी तो तक्ता काढा, त्याच्या देखत.