‘शिकलेली आई घर चांगले सांभाळते’ हे कारण स्त्रीशिक्षणासाठी पुरेसे का नाही?

शिकलेली स्त्री मुलांना आणि घराला अधिक चांगले वळण लावते, एवढे कारण पुरेसे असताना ‘स्त्री ही विवेकशील व्यक्ती आहे’ हा मुद्दा वेगळा मांडण्याची गरज काय, असे आपण विचारले आहे. मीही अनेक वर्षे वादात आपलेच कारण पुढे करत असे, कारण ते ऐकणाऱ्याला लवकर पटते. आता मात्र ते मला धोक्याचे वाटते. उपयोगासाठी दिलेले शिक्षण उपयोग संपला की थांबवता येते.

तसे घडलेही आहे. १७९१ साली फ्रेंच राजकारणी तालेरां यांनी फ्रान्सच्या संविधान सभेपुढे सार्वजनिक शिक्षणाचा आराखडा ठेवला, तेव्हा मुलींना शाळेत आठव्या वर्षापर्यंतच जागा दिली होती. पुढचे आयुष्य घरात जायचे असल्यामुळे पुढचे शिक्षणही त्यांनी घरातच घ्यावे, असा तो हिशेब होता, आणि स्त्रीचा उपयोग आधीच ठरवून टाकल्यावर त्यात चूक तरी कोणती काढणार?

त्याच तालेरांना इंग्रज लेखिका मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांनी १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणारा आपला ग्रंथ अर्पण केला. आईपणाचा मुद्दा त्यांनीही वापरला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्या मांडणीचा पाया असा की, चांगले काय हे स्वतःच्या बुद्धीने ओळखून केलेल्या वर्तनालाच सद्गुण म्हणता येते, आणि जिला विचारच करू दिला नाही तिच्याकडून फार तर आज्ञापालन मिळेल. स्त्रिया उथळ, नटण्यामुरडण्यात रमणाऱ्या आणि रूढीपुढे मान तुकवणाऱ्या असतात, या आक्षेपाला त्यांनी सैन्यातील अधिकाऱ्यांचा दाखला दिला. त्यांनाही वरवरचे ज्ञान मिळते, नीतीच्या आधी रीतभात शिकवली जाते, आणि म्हणून कपड्यांची हौस, नाचरंग व वरिष्ठांपुढची आंधळी शिस्त हे सारे त्यांच्यातही दिसते. संपूर्ण ग्रंथात मला हाच दाखला सर्वांत पक्का वाटतो, कारण घडण तीच ठेवून स्त्रीच्या जागी पुरुष आणला तरी दोष तेच राहतात, आणि मग ते निसर्गाच्या माथी मारता येत नाहीत.

शिवाय जिला लग्न किंवा मूल नको आहे, तिने का शिकावे, याला आपल्या कारणात उत्तर नाही.

केवळ शिकू देणे आणि विवेकशील मानणे यांतले अंतर केंब्रिजमध्ये स्पष्ट दिसते. १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीला गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पुरुषापेक्षाही अधिक गुण मिळाले आणि ‘सीनियर रँग्लरच्या’, म्हणजे त्या पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याच्या, ‘वर’ असे त्यांचे स्थान जाहीर झाले. पदवी मात्र मिळाली नाही. व्याख्यानांना बसू देण्यास हरकत नव्हती, परंतु पदवीबरोबर विद्यापीठाच्या कारभारात मत देण्याचा अधिकार येत होता. तेथील स्त्रियांना पूर्ण पदवी १९४८ साली मिळाली.