धरणाकाठच्या डोंगरगावी पहिल्यांदा जाताय?

खोली ठरवण्याआधी एक चौकशी नक्की करा: सध्या जलाशयात पाणी किती आहे? फोटोतला निळाशार तलाव वर्षभर तसा नसतो. वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडत गेलं की पातळी कित्येक मीटर खाली जाते, काठाला उघड्या मातीचा पट्टा दिसू लागतो आणि बोटीचा धक्का कोरडा पडतो. मी एकदा असाच खट्टू होऊन परतलो. तो पट्टा वरून वाळलेला वाटला तरी त्यावर चालू नका, खाली गाळ असतो.

सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे ते धरणाच्या खालच्या अंगाच्या नदीबद्दल. गुडघाभर पाणी, मोठमोठे खडक. मुलांना तिथे सोडावंसं वाटतंच. पण वीजघरातली टर्बाइनं सुरू झाली की आभाळ निरभ्र असतानाही काही मिनिटांत पाणी चढतं. भोंगा ऐकू आला तर चपला, पिशव्या तिथेच टाकून वर या. खरं तर त्या खडकांवर बसूच नका. शिवाय खोल जलाशयाच्या तळातून सोडलेलं पाणी भर उन्हाळ्यातही गारठवणारं असतं, पट्टीचा पोहणाराही त्यात गळून जातो.

कपड्यांचं म्हणाल तर दर १००० मीटर चढाईमागे तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. स्वेटर घ्याच. धरणाची भिंत शक्यतो सकाळी बघा, दुपारनंतर डोंगरात ढग जमतात. आणि कॅमेरा काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा. बऱ्याच धरणांवर फोटोला मनाई असते.